हौदाची खंडेनवमी

शेवटची आरा मशीन बंद पडली तेव्हा गावावर शांतता पसरली, असं पेपरात आलं होतं. तसं काही नव्हतं. उलट त्या दिवसापासून माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं आणि घराघरांत भांडणं सुरू झाली. इतकी वर्षं आऱ्याच्या कर्कश्श आवाजात नवरा काय पुटपुटला हे बायकोला कळत नव्हतं, आणि संसार ठीक चालले होते.

आमचं गाव चंद्रपूरच्या पुढं, आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सागाचे डेपो आणि लाकूड कापणाऱ्या आरा मशीन यांच्यावरच जगणारं. माझी चहा-पोह्याची टपरी सेठच्या मिलसमोर होती आणि माझा नवरा मोरेश्वर गुरनुले त्याच मिलमध्ये पट्ट्यावर होता. पट्टा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारं लांबलचक दातेरी पातं. ओंडका त्याच्याकडे सरकवायचा, तो फळी पाडतो. सरकवणारा माणूस घाईत असेल तर पट्टा फळीबरोबर आणखीही काही पाडतो. मोरेश्वर घाईतला नव्हता. त्याची सगळी बोटं जाग्यावर होती आणि या गोष्टीचा मला लग्नातल्या दागिन्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

कागदवाले आमच्या आधी गेले. शेजारच्या गावात पेपरमिल होती, माझा धाकटा भाऊ विनायक तिथं बांबूच्या भट्टीवर होता. मग कोणीतरी जिवाणूंची एक जात शोधून काढली. साखरपाण्यावर तिला पोसलं की ती दुधावर धरावी तशी पांढरी जाड साय धरते, आणि ती साय म्हणजे शुद्ध सेल्युलोज. धुवायची, दाबायची, वाळवायची, झाला कागद. बांबू नको, भट्टी नको, कोसभर येणारा तो कुजका वासही नको. विनायक हैदराबादला एका उंच इमारतीच्या फाटकावर रखवालदार झाला. आम्ही खूप हळहळलो. आपलं तसं होणार नाही अशी खात्री असली की माणसाला मनापासून हळहळता येतं.

मग लाकडाचे हौद आले.

हौद काय असतो ते मला केतकीनं समजावून सांगितलं. केतकी वैरागडे, वरोऱ्याची मुलगी, कंपनीची इंजिनिअर. सेठनं मिलची जागा कंपनीला विकली, तिथं पांढरी लांबलचक शेड उभी राहिली आणि ही पोरगी तिथं आली. पहिल्याच दिवशी टपरीवर येऊन म्हणाली, "काकू, चहात साखर कमी." मी म्हटलं, "का वो, डायबिटीस हाय का इतक्यातच?" तेव्हापासून आमचं जमलं.

ती सांगायची, "काकू, लाकूड म्हणजे काय? पेशींच्या भिंती. झाडातली पेशी लांबट होते, आपल्याभोवती जाड भिंत बांधते, भिंतीत लिग्निन नावाचा कडक पदार्थ भरते आणि मग आतून मरून जाते. मागं राहते ती भिंत. अशा लाखो रिकाम्या खोल्या एकाला एक लागून उभ्या असतात, त्याला आपण फळी म्हणतो. आम्ही एवढंच केलं, की सागाच्या कोवळ्या पानातल्या पेशी घेतल्या आणि त्यांना झाडात वाढणारीच दोन संप्रेरकं ठरावीक मापात दिली. त्या मापाला पेशी विसरते की आपण पान होतो. ती लाकूड व्हायला लागते."

"आन् फळी कशी होते त्याची?"

"साचा असतो. खळीसारखा पदार्थ भरलेला. फळीचा साचा असेल तर फळी वाढते, खुर्चीच्या पायाचा असेल तर पाय वाढतो. आत केसांसारख्या बारीक नळ्या आहेत, त्यांतून साखर आणि क्षारांचं कोमट पाणी सतत फिरवायचं. झाडाला जे व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, ते हौदात एका मोसमात होतं. कापायचं नाही, तासायचं नाही. काही वाया जात नाही."

काही वाया जात नाही म्हणजे भुसाही पडत नाही. माझी शेगडी भुशाची होती. डब्यात भुसा ठासून भरायचा, मधोमध भोक ठेवायचं, सकाळी पेटवली की दुपारपर्यंत एकसारखी धग. जगातला एवढा मोठा शोध लागला आणि तो मला पहिल्यांदा समजला तो असा, की आता गॅस घ्यावा लागणार.

बरं, रागवायचं कोणावर? जंगलतोड थांबली. डेपो ओस पडले, डेपोच्या मागं सागाची रोपं आपोआप उगवून आली आणि आमच्या लेकरांनी कधी नव्हे ते गावाच्या वेशीवर चितळं पाहिली. मोर्चा काढायचा ठरला होता, पण फलकावर काय लिहायचं इथंच गाडी अडली. 'झाडं तोडू द्या' असं कसं लिहिणार? मोर्चा निघाला नाही.

त्याऐवजी सरकारनं चंद्रपूरला रोजगार मेळावा भरवला. तिथं बोलणारा पडदा होता. त्याच्यासमोर बसायचं, आपलं काम सांगायचं, तो पुढची संधी सांगायचा. मोरेश्वर म्हणाला, "लाकूड कापतो." पडदा गोड आवाजात म्हणाला, "या क्षेत्रातील संधी घटत आहेत. आपल्यासाठी योग्य काम : सुरक्षारक्षक." त्याच्यानंतर लिंगाजी कोवे बसले. हे मिलमधले सगळ्यात जुने, गोंड समाजातले, पट्ट्याला दात लावण्यात उभी हयात गेलेली. पडद्यानं त्यांनाही सुरक्षारक्षकच सांगितलं. पेपरमिलवाल्यांना तेच. डेपोवरच्या हमालांना तेच.

परतीच्या एसटीत मोरेश्वर म्हणाला, "काका, सारेच राखणदार झाले तं चोऱ्या करन कोन?"

लिंगाजीकाका म्हणाले, "त्याचा बी मेळावा भरन."

तेव्हा आम्ही हसलो होतो. हसण्यासारखं कारण होतं. कंपनीनं मिलमधली सहा माणसं एका वर्षासाठी घेतली होती. गावकऱ्यांचा रोष नको म्हणून असेल, पण घेतली. वर्षाच्या शेवटी काम पाहून पक्कं करू, असं सांगितलं होतं. मोरेश्वर त्यांचा मुकादम, लिंगाजीकाकाही त्यांतलेच. पक्कं झालं तर आम्ही गावात राहणार होतो. नाही झालं तर विनायकच्या शेजारच्या इमारतीला रखवालदार हवाच होता.

काम साधं होतं. हौदांचं साखरपाणी जाळ्यांतून गाळलं जायचं. साखर आली की चिकटा आलाच. जाळ्यांवर शेंबडासारखा बुळबुळीत थर धरायचा. तो ब्रशनं खरवडून काढायचा. वाघासारखं डरकाळणाऱ्या पट्ट्यासमोर उभा राहणारा माझा नवरा आता घरी यायचा तो काकवीचा वास घेऊन. मुंग्या लागायच्या त्याच्या कपड्यांना. मी म्हणायचे, "कपडे भायेर झटका जी, नायतं मुंग्या तुमालेच उचलून नेतीन." तो म्हणायचा, "नेऊ दे. थ्या तरी पक्क्या कामावर हायेत."

एक अडचण मात्र कंपनीलाही होती. हौदातलं लाकूड मजबूत होतं, सरळ होतं, पण कोरं होतं. त्याला रेघच नव्हती. सागाच्या फळीवर त्या सोनेरी-काळपट लाटा असतात ना, तसं काही नाही. नागपूरचा एक फर्निचरवाला आला, फळीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ही तर साबणाची वडी आहे." केतकीचा चेहरा उतरला. वर रंगानं रेघा मारून पाहिल्या, त्याही लोकांना लगेच कळल्या. माल पडून राहायला लागला.

आणि मग दसरा आला.

मिलमध्ये खंडेनवमीला काय व्हायचं ते सांगते. आदल्या संध्याकाळी पट्टा चाकांवरून उतरवायचा. तेल लावून पुसायचा. नवमीला त्याला आणि मशीनला हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत बटणाला कोणी हात लावायचा नाही. सेठ एरवी चहाचा कप फुटला तरी पगारातून कापणारा, पण नवमीला कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी "आज मशीनची सुट्टी" म्हणून हात जोडायचा. चालत्या मशीनची पूजा आमच्याकडे कोणी केलेली नाही. ते वाईट समजतात. राबणाऱ्याच्या कपाळाला त्याचं काम चालू असताना टिळा लावणं म्हणजे त्याची थट्टाच.

नवमीला केतकी वरोऱ्याला घरी गेली होती. हौदांवर नजर ठेवणारे लोक पुण्यात बसत, ते पडद्यावरून. शेडमध्ये आमची सहा माणसं आणि मी, शिऱ्याचा डबा घेऊन.

लिंगाजीकाकांनी उदबत्ती पेटवली आणि पंपांच्या रांगेकडे पाहत थांबले. "मोरेश्वर, हे तं सुरूच हाय."

"हे बंद नाई होत काका. चोवीस तास."

"मंग चालत्या मशीनीले कुंकू लावू? लावलं का आजवर?"

"ह्याले पातं नाई ना जी. हात कापाची भीती नाई."

"हात नाई कापत म्हून का झालं? राबते तं ना? येक दिस बसू दे तिले."

बाकीचे चौघे ब्रश खाली ठेवून उभे राहिले. म्हणजे त्यांचंही मत कळलंच. मी म्हटलं, "अहो, मॅडमले इचारा ना पयले." मोरेश्वरनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. केतकीच्या घरी त्या वेळी आरती चालली असेल, नाहीतर पोरगी झोपली असेल बिचारी.

जाळ्या धुवायच्या वेळी थोडा वेळ पंप थांबवायचं एक बटण होतं. ते दाबलं की पुण्याच्या पडद्यावर 'साफसफाई चालू' एवढंच दिसायचं आणि कोणी काही विचारायचं नाही. मोरेश्वर त्या बटणापाशी जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, "अवं, आत सागच हाय ना? सारा उन्हाळा बिनपानाचा उभा रायते साग. मरते का? येका दिसानं का होते?"

त्यानं बटण दाबलं.

हौदांची ती सतत चालणारी घरघर थांबली. शेडमध्ये फक्त कुठंतरी थेंब ठिबकत होते. काकांनी प्रत्येक पंपाला कुंकू लावलं, हार घातला, सगळ्यांनी हात जोडले. कित्येक महिन्यांत मी त्या माणसांचे चेहरे असे पाहिले नव्हते. आपल्याच कारखान्यात उभी असल्यासारखी दिसत होती. शिरा खाल्ला आणि दाराला कुलूप लावून सगळे घरी आले. दसऱ्याला सकाळी एकमेकांना सोनं दिलं, आणि मग मोरेश्वरनं जाऊन पंप सुरू केले.

केतकी परत आली ती थेट शेडमध्ये गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि माझ्या टपरीच्या पायरीवर बसली. तिच्या हातात एक काचेची नळी होती, आत हौदातलं गढूळ तपकिरी पाणी.

"काकू, अख्खा दिवस पंप बंद होते?"

मी सांगितलं, का ते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मोरेश्वरकाकांना वाटलं ते झाड आहे. झाडाला मुळं असतात काकू, खोडात साठवलेली साखर असते. ह्याला काही नाही. ह्याला फक्त आपण आहोत."

मोरेश्वर मागंच उभा होता. त्यानं ते ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही. माणूस मेल्यासारखं घर झालं. म्हटलं तर खरंच, काहीतरी मेलंच होतं. लाकूड आधीच मेलेल्या पेशींचं असतं हे मला माहीत होतं, पण त्याला ते सांगून उपयोग नव्हता.

पुण्याहून आगाशे नावाचे मोठे साहेब आले. शेडसमोर सहाही जणांना उभं केलं. मी टपरीवरून पाहत होते, ऐकत होते.

"बटण कोणी दाबलं?"

"मी," मोरेश्वर म्हणाला. लिंगाजीकाका काही बोलायला पुढं झाले तर त्यानं त्यांचा सदरा मागून धरून ठेवला.

"का?"

"मशीनीची सुट्टी होती साहेब."

"कोणी दिली सुट्टी?"

मोरेश्वरनं बराच विचार केला. तो चेष्टा करत नव्हता, खरंच उत्तर शोधत होता. शेवटी म्हणाला, "कोनी देत नसते जी. ती रायतेच."

आगाशे साहेबांनी केतकीकडे पाहिलं, केतकीनं जमिनीकडे. साच्यातला माल इतक्यात काढता येत नव्हता, अर्धवट वाढून साच्यातल्या खळीत अडकलेला होता. वाढू दे जसा वाढतो तसा, साचे रिकामे झाले की नुकसान किती ते पाहू, तोवर यांचं काम चालू ठेवा, असं सांगून साहेब निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मोरेश्वर रोज शिव्यांची वाट पाहत होता. खरंच सांगते. म्हणायचा, "सेठच्या टायमाले पांडुरंगानं खिळा न पाहता ओंडका लावला होता, आठोते? पट्टा तुटला. सेठनं त्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला, पगार कापला, आन् सकायी गाडी पाठवून बलावून नेलं. शिव्या देते म्हंजे ठेवाचा इचार हाय. हे लोक काईच बोलत नाई वं." मग विचारायचा, "आज मॅडम काई बोलली का?" मी म्हणायचे, "चहात साखर जास्त झाली म्हणाली." तो त्यावरही विचार करत बसायचा.

साचे उघडले तेव्हा थंडी पडायला लागली होती. केतकी शेडमधून पळत आली. पळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हातात फळीचा तुकडा होता, तो तिनं माझ्या पोह्यांच्या कढईशेजारी आपटला.

"बघा काकू!"

फळीवर रेघ होती. एकच, काळपट-सोनेरी, कडेपासून कडेपर्यंत लहरत गेलेली. मोरेश्वरनं नखानं खरवडून पाहिली. आतपर्यंत होती.

केतकी एवढ्या भरभर बोलत होती की मला दोनदा विचारावं लागलं. झाडात ती रेघ कशी येते? उन्हाळ्यात साग पानं टाकतो, वाढ थांबते. पाणी मिळालं की पुन्हा झपाट्यानं वाढायला लागतो, आणि सुरुवातीच्या त्या पेशी मोठ्या तोंडाच्या असतात. थांबल्याची आणि पुन्हा निघाल्याची जी सीमा, तीच रेघ. हौदात मात्र ऋतूच नव्हता. रोज तेच कोमट पाणी, तीच साखर, सगळा जन्म एकसारखा, म्हणून लाकूड कोरं. नवमीला ते पहिल्यांदा उपाशी राहिलं. काही पेशी मेल्या, पण उरलेल्यांनी दसऱ्याला पाणी मिळताच झाडासारखंच केलं. "काका, तुम्ही त्याला उन्हाळा दिलात!" असं म्हणून तिनं मोरेश्वरच्या पायाला हात लावला. तो दचकून मागं सरकला. आता बोलणी बसतील म्हणून तयारीत होता बिचारा.

नागपूरचा फर्निचरवाला स्वतः गाडी घेऊन आला. तिकडून मागणी सुरू झाली. आणि मग कंपनीकडून निरोप आला, की शेडच्या आवारात छोटा कार्यक्रम आहे, सहाही जणांचा सपत्नीक सत्कार आहे.

आमच्या गल्लीत दिवाळी पुन्हा आली म्हणा ना. सत्कार म्हणजे पक्कंच, दुसरं काय असणार? लिंगाजीकाकांनी दाढी करून घेतली. मी मोरेश्वरचा लग्नातला कोट काढून उन्हात टाकला. तो अंगात शिरला नाही, म्हणून नवीन सदरा शिवायला टाकला. विनायकला फोन करून सांगितलं, तुझ्या शेजारच्या इमारतीवाल्याला दुसरा माणूस बघायला सांग.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी केतकी घरी आली. टपरीवर नाही, घरी. मी चहा टाकला. तिनं साखरेबद्दल काही सांगितलं नाही तेव्हाच मला काहीतरी कळलं.

"काका, आता ठरावीक दिवसांनी पंप आपोआप थांबणार आहेत. रेघा याव्यात म्हणून. पुण्याहूनच तसं बसवून दिलंय. त्याला 'विश्रांती' असं नाव ठेवलंय त्यांनी."

मोरेश्वर खुश झाला. "हे बरं केलं. सुट्टी पायजेच तिले. मले तं वाटे तुमाले हे पटनार नाई."

"पटलं. सगळ्यांना पटलं." ती कपाच्या कानाशी खेळत राहिली. "काका, दसऱ्याला पंप सुरू केल्यावर जाळ्या पाहिल्या होत्या तुम्ही?"

"पायल्या ना. साफ होत्या. खरवडाचं कामच पडलं नाई. म्हटलं, देवीची किरपा."

"तो चिकटाही जिवंतच असतो. साखरेवर जगतो. एक दिवस उपाशी राहिला की त्याची पकड सुटते. मग पाणी उलटं फिरवलं की निघून जातो." ती थांबली. "म्हणजे आता प्रत्येक विश्रांतीला जाळ्या आपल्या आपण साफ होणार."

मोरेश्वर आपल्या हातांकडे पाहत होता. दहाही बोटं होती.

"मंग आमी का कराचं?" त्यानं विचारलं. साधाच आवाज होता, उद्या कोणती पाळी आहे हे विचारावं तसा.

"मी सांगून पाहिलं काका. लिहून पाठवलं, फोन केले. म्हटलं, ज्या माणसांमुळे हे झालं त्यांनाच..." तिनं कप खाली ठेवला. "माझ्या वरचं कोणी ऐकतच नाही."

"मंग का म्हणाले थे?"

"म्हणाले, सत्कार चांगला करू."

मी तिला दुसरा चहा दिला. तिला तरी दुसरं कोण देणार होतं? जाताना ती म्हणाली, मी हे सांगितलं असं कोणाला सांगू नका. मोरेश्वरनं मान हलवली. पण बाकीच्या पाच घरी जाऊन त्यानं सांगितलं. न सांगून कसं चालेल? लिंगाजीकाका ऐकून म्हणाले, "म्या सांगतलं ना तुले, बंद कर म्हून. माह्यामुळंच झालं." मोरेश्वर म्हणाला, "काका, बटण म्या दाबलं." दोघं बराच वेळ चूक स्वतःकडे ओढत बसले. दुसरं काही ओढून घ्यायला उरलंच नव्हतं.

तरी आम्ही सगळे गेलो. न जाऊन काय करणार, खुर्च्यांवर नावं लावून ठेवली होती.

शेडसमोर मांडव होता. आगाशे साहेब होते, तालुक्याचे काही लोक होते, दोन कॅमेरे होते. एकेकाला शाल दिली, श्रीफळ दिलं, रेघेच्या लाकडाचं सन्मानचिन्ह दिलं. साहेबांनी भाषणात सांगितलं की आपली परंपरा किती थोर आहे, विज्ञान जिथं थांबतं तिथं श्रमिकांची श्रद्धा कशी वाट दाखवते. भाषण खरंच चांगलं होतं. मला वाईट वाटलं ते त्याचंच. वाईट भाषण असतं तर मनात तरी काही बोलता आलं असतं. शेवटी म्हणाले, "या सहाही बंधूंचा आमच्यासोबतचा प्रवास आज पूर्ण होत आहे, त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा." केतकी मांडवाच्या खांबापाशी उभी होती. तिनं तोंड शेडकडे फिरवलं.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं मुकादम म्हणून मोरेश्वरच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाली.

लग्नात नावसुद्धा त्यानं आपणहून घेतलं नव्हतं, मीच त्याच्या कानात सांगून घ्यायला लावलं होतं. तो माइक हातात धरून उभा राहिला. खांद्यावरची शाल घसरत होती, ती त्यानं एका हातानं धरून ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "म्या चूक केली. न इचारता मशीन बंद केली. तुमी मले कायीच म्हणलं नाई." माइक कुईं करून ओरडला, तो थांबला, पुन्हा बोलू लागला. "आमाले शिव्या द्या. पगार कापा जी, अर्धा करा. येक वरीस आनखी कच्च्यावर ठेवा. पन चुकीची शिक्षा द्या. असं शाल देऊन नका सोडू साहेब. आमी आपलीच मानसं हाओत. आपल्या मानसाले मानूस शिक्षा करते."

मग आगाशे साहेब उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं सांगत नाही. त्यांच्या शेजारचे उठले. मग सगळाच मांडव उठला. किती साधी माणसं, किती मोठं मन, असं कोणीतरी माझ्या मागं म्हणालं. कॅमेरे पुढं सरकले. माझ्या दोन्ही बाजूंना सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही उभी राहिले. मीही वाजवल्या.

मोरेश्वर माइक धरून टाळ्या थांबायची वाट पाहत होता. त्याला वाटत होतं, थांबल्या की साहेब उत्तर देतील.

टाळ्या थांबल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं त्याच्या हातातून हळूच माइक काढून घेतला आणि सांगितलं की अल्पोपहाराची व्यवस्था शेडच्या मागच्या बाजूला केलेली आहे.